‘भाऊगर्दी’, ‘पानिपत’ आणि ‘संक्रांत’: मथळ्यांतली लढाई

विचारणा अशी आहे. महापालिकेची निवडणूक जवळ आली की पुण्याच्या बातम्यांत ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ दिसते आणि निकाल लागला की ‘अमक्या पक्षाचं पानिपत’ होतं. हे प्रयोग बरोबर आहेत का? आणि ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचारही पानिपतावरूनच आला, असं सांगतात, ते खरं का?

आधी भाऊगर्दी घेऊ, कारण तिच्यातली लढाई सगळ्यांत जास्त पुसली गेली आहे. या शब्दातला ‘भाऊ’ म्हणजे गल्लीतला कार्यकर्ता नव्हे, सदाशिवरावभाऊ पेशवे, पानिपतावर मराठी फौजेचे सेनापती. पुण्याच्या सदाशिव पेठेला ज्यांचं नाव आहे तेच. आणि ‘गर्दी’ म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडवर होते ती माणसांची दाटीही नव्हे. हा अर्थ नंतरचा. जुन्या मराठीत गर्दी म्हणजे धुमश्चक्री, कापाकापी, उलथापालथ. ‘गर्दीस मिळवणे’ म्हणजे धुळीला मिळवणे. फारसी ‘गर्द’ म्हणजे धूळ, हे लक्षात ठेवलं की तो प्रयोग लगेच उलगडतो. त्या काळात दिल्लीकडेही असे शब्द रूढ होते. १७५३ साली सूरजमल जाटाच्या फौजेने जुनी दिल्ली लुटली, तिला तिथे ‘जाटगर्दी’ म्हणत. त्याच घडणीचा शब्द भाऊगर्दी: पानिपतावर भाऊंच्या फौजेची जी वाताहत झाली, ती. वाताहतीवरून गोंधळ, गोंधळावरून झुंबड असा अर्थ सरकत गेला. दरम्यान साध्या ‘गर्दी’चा अर्थही ‘दाटी’ असा झाल्यामुळे भाऊगर्दी त्याच बाजूला ओढली गेली. (इब्राहिमखान गारद्याच्या नावातला ‘गारदी’ वेगळा. तो कवायती पलटणीतला शिपाई. त्याचा आणि या गर्दीचा व्युत्पत्तीने संबंध नाही, दोघे एकाच रणांगणावर होते एवढंच.)

मग ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ चूक ठरते का? नाही. रूढ अर्थाने ती बरोबर आहे. फक्त नुसत्या संख्येला हा शब्द वापरू नये. दोनशे माणसं शिस्तीत रांगेत उभी असतील तर ती गर्दी. एका जागेसाठी तीस जण एकमेकांना ढकलत असतील, कोण कोणाचा हेच कळेनासं झालं असेल, तर भाऊगर्दी. शब्दातला गोंधळ शिल्लक राहिला पाहिजे.

आता पानिपत. ही पानिपतची तिसरी लढाई, मराठे आणि अफगाणांचा अहमदशाह अब्दाली यांच्यातली, १४ जानेवारी १७६१. त्याआधीच्या दोन १५२६ आणि १५५६ सालच्या. पानिपतच्या मातीवर तीन लढाया झाल्या, पण मराठीत ‘पानिपत’ म्हटलं की तिसरीच आणि तीही हरलेल्याच्या बाजूने. बाबर १५२६ साली तिथेच जिंकला, पण त्याचं ‘पानिपत झालं’ असं मराठीत म्हणता येत नाही, लोदीचं मात्र म्हणता येईल. गावाच्या नावाला अर्थ आला तो पुणेकरांच्या घरातून.

हे नाव आता सामान्यनाम झालं आहे, याचा पुरावा व्याकरणातच मिळतो. गाव म्हणायचं असेल तेव्हा आपण ‘पानिपतचं स्टेशन’, ‘पानिपतची हवा’ म्हणतो, म्हणजे सामान्यरूप न करता थेट प्रत्यय लावतो. पण ‘पक्षाच्या पानिपताला जबाबदार कोण’, ‘या पानिपताची कारणं’ म्हणताना ‘पानिपता-’ असं सामान्यरूप होतं, जसं ‘पराभवाची’, ‘नुकसानाची’. लिंग नपुंसक. रचना ‘वाटोळं होणं’सारखी: ज्याचं झालं त्याला षष्ठी, ‘सैन्याचं पानिपत झालं’. ‘सैन्य पानिपत झालं’ हे चूक. लिहिताना ‘नि’ ऱ्हस्व. ‘पानीपत’ हे हिंदीचं वळण, मराठी मजकुरात नको.

शब्द कुठे शोभतो ते कळायचं तर त्या दिवशी काय झालं ते पाहावं लागतं. मराठी फौज १७६०च्या नोव्हेंबरपासून पानिपतला अडकून पडली होती. मागची रसद तुटलेली. बुंदेलखंडातून धान्य आणि पैसा पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत सैनिकांपेक्षा बुणगे (फौजेबरोबरची न लढणारी माणसं) आणि यात्रेकरू जास्त, त्यांत बायकामुलंही. उपासमार असह्य झाली तेव्हा फौज बाहेर पडली. बुधवारी सकाळी लढाई सुरू झाली, मराठ्यांकडच्या इब्राहिमखानाच्या तोफांनी आणि गारद्यांनी समोरच्या, अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची दैना केली. दुपारपर्यंत पारडं मराठ्यांकडे झुकलेलं होतं. मग पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. हत्तीवरची अंबारी रिकामी दिसली, भाऊही गेले असं फौजेला वाटलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत सगळं संपलं.

म्हणजे पानिपत म्हणजे नुसता मोठा पराभव नव्हे. मोठी तयारी, मोठी अपेक्षा, आतून तुटलेली रसद, जिंकत आल्याचा भास आणि एकाएकी नेतृत्वासकट कोसळणं, हे सगळं त्यात आहे. जो पक्ष मुळातच दुबळा होता आणि दुबळाच राहिला, त्याचं पानिपत होत नाही, तो फक्त हरतो. सत्तेत असलेल्या पक्षाचे सेनापतीच पडले, पुढची फळीही गेली, तर शब्द योग्य. पाच-दहा मतांनी एक जागा गेली, किंवा क्रिकेटचा सामना शेवटच्या षटकात हरला, तिथे ‘निसटता पराभव’ आहे, ‘पानिपत’ नाही. ‘धुव्वा उडणे’ आणि ‘दाणादाण उडणे’ हे शब्द उरतातच. ते मोठ्या फरकाच्या पण भरून निघणाऱ्या पराभवाला चालतात.

‘पानिपत करणे’ या रूपाबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. ‘आम्ही विरोधकांचं पानिपत केलं’ असं मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो स्वतःला अब्दालीच्या जागी उभा करतो. व्याकरणाने चूक नाही, पण शब्दाच्या आठवणीविरुद्ध आहे. ‘होणे’ हेच या शब्दाचं क्रियापद. ते सोसणाऱ्याच्या तोंडी शोभतं.

संक्रांतीचा प्रश्न. इथे बहुतेकांची गल्लत होते, आणि ती तारखेमुळे होते. पानिपतचा दिवस १४ जानेवारी, आपली संक्रांतही १४ जानेवारीला, म्हणून ‘संक्रांत कोसळली’ असा जोड लावला जातो. पण १७६१ साली मकर संक्रांत १४ जानेवारीला नव्हतीच. संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेल्या, मकर राशीत प्रवेश. निरयन वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा किंचित मोठं, म्हणून साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. हल्ली ती काही वर्षी १५ला येते, ती याचमुळे. मागे गेलं तर उलट. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. याच हिशेबाने आणखी शंभर वर्षं मागे गेलं की १७६१ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. लढाईचा दिवस होता पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. म्हणजे लढाई संक्रांतीनंतर चारेक दिवसांनी झाली. किंक्रांतही होऊन गेली होती.

वाक्प्रचाराचं मूळ पंचांगातल्या संक्रांतफलात आहे. तिथे संक्रांत ही देवी आहे. दरवर्षी तिचं वाहन, उपवाहन, वस्त्र, शस्त्र, हातातलं पात्र, खाण्याचा पदार्थ असं वर्णन छापलेलं असतं, शिवाय ती कुठून आली, कुठे निघाली आणि कुठे पाहते तेही. ती ज्या वस्तू वापरते त्या महागतात किंवा नाश पावतात, आणि ज्या दिशेला जाते किंवा पाहते तिकडे पीडा होते, अशी समजूत. ‘यंदा संक्रांत पिवळ्यावर आहे’ म्हणून पिवळी साडी टाळणं हे त्यातूनच आलं. तेव्हा ‘नोकरीवर संक्रांत आली’ म्हणजे देवीची नजर तिकडे वळली. हा अर्थ पानिपताशिवाय पूर्ण लागतो. पानिपताने फार तर त्याला बळ दिलं असेल. लोकांनी दोन संकटं एका दिवसावर आणून ठेवली, कारण आठवण तारखेच्या आधाराने टिकते आणि कॅलेंडर मागे सरकवून कोणी पाहत नाही.

या लढाईने मराठीला आणखीही काही दिलं. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ या प्रश्नाला ‘विश्वास गेला पानिपतात’ हे उत्तर आजही ऐकू येतं. त्यातला विश्वास म्हणजे विश्वासराव, नानासाहेब पेशव्यांचा मुलगा, १७४२चा जन्म, म्हणजे विशीही न गाठलेला. सावकारी पत्रातून ती बातमी नानासाहेबांना कळली. दोन मोती (भाऊ आणि विश्वासराव) गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा त्याचा आशय. नानासाहेब त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर वारले. ‘तोतया’ शब्द घरोघरी पोचला तोही भाऊंच्या तोतयामुळे. भाऊंचा मृत्यू पुष्कळांनी मानलाच नाही, म्हणून तो टिकला, आणि १७७६ साली मारला गेला. आणि ‘लाख बांगडी फुटली’. इतके वाक्प्रचार एका दुपारीतून!

पण याच मोहिमांच्या मालिकेतलं ‘अटकेपार झेंडे’ १७५८चं, तीन वर्षं आधीचं. ते भाषेत राहिलं. मग पानिपत राहिलं. आणि १७७१ साली मराठ्यांनी दिल्ली परत घेतली, त्याला मराठीत एकही वाक्प्रचार नाही. पानिपतात पाय जायबंदी झालेले महादजी शिंदे त्या कामात पुढे होते, त्यांची छत्री पुण्यातच वानवडीला आहे. लोक तिथे नक्षी पाहायला जातात. भाषेने शिखर आणि दरी ठेवली, मधला चढ ठेवला नाही. म्हणूनच ‘पानिपतात मराठेशाही संपली’ हे विधान भाषणात सहज खपतं. ते चूक आहे. पेशवाई गेली ती १८१७-१८ साली, इंग्रजांशी झालेल्या युद्धात. ५ नोव्हेंबर १८१७ची खडकीची लढाई पुण्याच्या वेशीवर, गणेशखिंडीच्या बाजूला झाली, पण ‘खडकी होणे’ असं कोणी म्हणत नाही.

याच युद्धातली १ जानेवारी १८१८ची लढाई मात्र जिवंत आहे, आणि ती वाक्प्रचारात नाही, नावात आहे. गावाचं नाव कोरेगाव भीमा. चळवळीच्या भाषेत ते ‘भीमा कोरेगाव’ होतं. तिथल्या स्मारकस्तंभाला कोणी जयस्तंभ म्हणतं, कोणी विजयस्तंभ. त्यावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ या शेवटाची नावं आहेत, ती इंग्रजांच्या फौजेतल्या महार सैनिकांची. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ला तिथे गेले आणि त्या नावांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. ज्या घरांत बांगड्या फुटल्या त्यांनी पानिपताचा वाक्प्रचार केला. ज्यांच्या पूर्वजांना पेशवाईत गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्यांनी कोरेगावचा शौर्यदिन केला. आज राजकीय मत कुठे उभं आहे ते शब्दनिवडीवरून ओळखू येतं, म्हणून बातमी लिहिताना ‘स्तंभ’ इतकंच लिहून पुढे कोणी काय म्हटलं ते त्यांच्या शब्दांत द्यावं.

हीच काळजी चालू युद्धांना लागते. युक्रेनवरच्या हल्ल्याला रशियाने २०२२ साली ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हटलं. मराठीत ‘मोहीम’ हा फार सौम्य शब्द आहे, आपल्याकडे लसीकरणाचीही मोहीम असते. अवतरणचिन्हाशिवाय तो छापला तर आपण रशियाची बाजू नकळत उचलतो. तिथे ‘आक्रमण’ किंवा ‘युद्ध’ लिहावं.

आणि मे २०२५चं ‘ऑपरेशन सिंदूर’. पहलगामच्या २२ एप्रिलच्या हल्ल्यात २६ माणसं मारली गेली, त्यांत पुण्याचेही होते. त्यानंतरच्या कारवाईचं हे नाव मराठी वाचकाला लगेच कळलं, तरी शब्द आपला नाही. सिंदूरचं मराठी भावंड शेंदूर, आणि शेंदूर तेलात कालवून मारुतीला लावतात. सौभाग्याचं चिन्ह आपल्याकडे कुंकू. म्हणून वृत्तपत्रांनी ‘सिंदूर’ तसंच ठेवलं ते योग्यच, ते विशेषनाम आहे. लेखात मात्र ‘शेंदूर पुसला गेला’ अशी वाक्यं दिसली, ती चुकीची. मराठीत कुंकू पुसलं जातं. १७६१ला बांगडी फुटली होती, २०२५ला कुंकू पुसलं गेलं. युद्ध दोन्ही वेळा बाईच्या अंगावरच्या खुणेतूनच सांगितलं गेलं.