जुन्या माईकची पिन शोधताना

प्रश्न : आजोबांचा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. परवा माळा आवरताना त्यांचा क्रोमचा माईक सापडला. मागे आट्यांचं तोंड आणि मधोमध एकच ठिपका आहे, केबल नाही. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दाखवला, तर ‘हे कापून कॅनन बसवा’ म्हणाले. कापावं का?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : अजिबात कापू नका. दुकानदाराकडे या तोंडाला बसणारी केबलची पिन नाही, म्हणून तो कॅनन, म्हणजे हल्लीची तीन पिनांची एक्सएलआर जोडणी सुचवतो. पण माईकच्या अंगाला एकदा कानस लागली की मूळचं तोंड परत येत नाही. केबल मात्र कधीही नवी करता येते.

वर्णनावरून हा एका संपर्काचा अमेरिकन कनेक्टर वाटतो. आट्यांवर व्हर्निअर (व्यास मोजायचं साधन) लावा. व्यास पाच अष्टमांश इंच, म्हणजे साधारण १५.९ मिलिमीटर, आणि इंचाला २७ आटे भरले तर ओळख पक्की. मागताना ‘अँफेनॉल ७५-एमसी१एफ’ किंवा ‘स्विचक्राफ्ट २५०१एफ’ असं नाव लिहूनच न्या. अमेरिकन मापाच्या माईक स्टँडच्या टोकालाही हेच आटे असतात. तेव्हा दुकानात पिनेची रिंग तशा स्टँडवर दोन वेढे फिरवून बघा. तिथे सहज बसली तर तुमच्या माईकवरही बसेल.

जुन्या धाटणीच्या माईकमधून हार्मोनिका वाजवणारे जगभर आहेत, म्हणून ही पिन अजून मिळते, बाहेरून मागवताही येते. इथे पुण्यात शोधायची तर बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात केबलच्या भेंडोळ्यांची टोकं तपासा. आजोबांच्या वेळच्या मंडपवाल्यांनाही विचारा, त्यांच्या पत्र्याच्या पेट्यांत असं सामान पडून असतं. अगदीच नाही मिळाली, तर चांगला लेथवाला पितळेची रिंग कातून देईल. नमुन्याला माईक बरोबर न्या.

पण पैसे घालण्याआधी माईक जिवंत आहे का ते बघा. मधला ठिपका आणि बाहेरची बॉडी यांना दोन तारा धरून जुन्या व्हॉल्व्हच्या किंवा गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडा, आवाज अगदी कमी ठेवून माईकच्या तोंडावरच्या जाळीवर बोट घासा. मल्टिमीटरने काहीच दाखवलं नाही म्हणून माईक गेला असं धरू नका. तो क्रिस्टल, म्हणजे स्फटिकावर चालणारा असेल तर आत तारेचं वेटोळं नसतंच. मात्र हे रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचे क्रिस्टल ओल आणि उष्णता सोसत नाहीत, ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचे निकामी होतात. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळे-पावसाळे काढलेल्या माईकची मला म्हणूनच धास्ती वाटते.

केबल एका तारेची, वर विणलेल्या जाळीची घ्या. आतली तार पिनेच्या मधल्या भोकातून बाहेर काढून टोकाला कथिलाचा छोटा, गोल, चकचकीत थेंब ठेवा. फार उंच झाला तर रिंग पुरती बसत नाही, चपटा राहिला तर माईकच्या ठिपक्याला टेकत नाही आणि आवाज मध्येच जातो. केबलची जाळी मागे उलटून पिनेच्या स्प्रिंगवर पसरा आणि बाजूचा स्क्रू आवळा. जाळीचा एक केससुद्धा मधल्या तारेला लागू देऊ नका.

लांबी पाच-सहा मीटरच्या आत ठेवा. हाय इम्पीडन्स (विजेला जास्त अवरोध असलेल्या) माईकला लांब केबल लावली की आवाज मंदावतो. माईक वेटोळ्याचा असेल तर वरचे स्वर आधी जातात. हल्लीच्या मिक्सरच्या कॅनन इनपुटला थेट जोडू नका, मध्ये एक मेगओहम इनपुटचा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (असा सिग्नल मिक्सरजोगा करणारा डबा) ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे सेनहायझर एमडी ४२१-एन आहे, तळाला तीन पिना. टेपरेकॉर्डरची डिन पिन चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तपासण्यापुरती चालेल, आत बसते. पण तिला आट्यांची कॉलर नसल्यामुळे ओढ बसली की निसटते. कार्यक्रमाला आट्यांच्या कॉलरची ‘छोटी टुशेल’ पिनच हवी. जोडणीत १ आणि ३ आवाजाच्या, २ अर्थची (अर्थिंगची, म्हणजे केबलच्या जाळीची). कॅननमध्ये अर्थ १ वर असतो, त्यामुळे आकडे जुळवून जोडलंत तर घोळ होईल. टुशेलची २ कॅननच्या १ ला, १ ही २ ला, ३ ही ३ ला. रिबन माईकच्या, म्हणजे आत धातूची पातळ पट्टी असलेल्या माईकच्या पिनांना मात्र ओहममीटर लावू नका, मीटरच्या करंटने पट्टी ताणली जाऊ शकते.