नागपूरला १५ किलो, मुंबईला ४६: जादा सामानाचे पैसे परत मागताना

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आईबाबा नागपूर–मुंबई–न्यूअर्क निघाले. प्रत्येकाच्या २३ किलोच्या दोन बॅगा. एजंटने पाठवलेल्या कागदावर ‘सामान २ नग’ असं छापलेलं. नागपूरच्या काउंटरवर मात्र ‘माणशी १५ किलोच’ असं सांगून ६२ किलोचे तीस हजारांवर पैसे घेतले. आता ते परत मिळतील का?

मिळू शकतात, पण विमान कंपनीकडून की एजंटकडून, ते आधी ठरवावं लागेल. मी काही वर्षं त्या काउंटरच्या पलीकडे उभा राहून काम केलंय. आता निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या लोकांना अशा तक्रारी लिहून देतो. त्यावरून सांगतो, ‘दर फार जास्त लावला’ हा वाद प्रवासी जवळजवळ नेहमी हरतो आणि ‘हा नियम आम्हाला लागूच नव्हता’ हा वाद बऱ्याचदा जिंकतो. तुमच्या मेलमध्ये ‘लूट’ हा शब्द चार वेळा आलाय. तो काढून टाका.

दराचा मुद्दा का टिकत नाही ते सांगतो. २०१६ च्या जूनमध्ये डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) आदेश काढला होता की देशांतर्गत प्रवासात १५ ते २० किलोच्या टप्प्यात किलोमागे १०० रुपयांहून जास्त घेऊ नका. खासगी कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तो आदेश रद्द झाला. दर ठरवणं डीजीसीएच्या अधिकारात बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. तेव्हापासून ज्याचा त्याचा दर, फक्त तो आधी जाहीर केलेला हवा. व्हॉट्सॲपवर अजून ‘किलोला शंभरच द्या’ असा निरोप फिरतो. तो काउंटरवर दाखवून उपयोग नाही.

आता तुमचं प्रकरण. पहिलं काम म्हणजे तिकीट एक होतं की दोन, ते बघा. एजंटच्या कागदावर विश्वास ठेवू नका. दोन वेगवेगळी बुकिंग एकाच पानावर सुबक छापून द्यायची सवय सगळ्यांना आहे. ई-तिकिटाचा १३ आकडी क्रमांक शोधा. त्यातले पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे असतात, उदाहरणार्थ एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६. नागपूर–मुंबई आणि मुंबई–न्यूअर्क या दोन्ही टप्प्यांसमोर तोच क्रमांक असेल तर तिकीट एक. दोन टप्प्यांना वेगळे क्रमांक असतील, किंवा देशांतर्गत टप्प्याला नुसता सहा अक्षरी पीएनआर असेल आणि तिकीट क्रमांकच नसेल, तर बहुधा दोन तिकिटं.

एक तिकीट असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. ज्या तिकिटाचा आरंभ किंवा शेवट अमेरिकेत आहे, त्याला अमेरिकेच्या परिवहन खात्याचा नियम लागतो. २०१२ पासून तो लागू आहे. प्रवासाच्या सुरुवातीला सामानाचा जो नियम लागला तोच शेवटच्या विमानापर्यंत लावायचा, मधला टप्पा दुसऱ्या कंपनीचा असला तरीही. म्हणजे तिकिटावर दोन नग असतील तर नागपूरलासुद्धा दोन नग, प्रत्येकी २३ किलो. काउंटरवरच्या मुलीच्या पडद्यावर १५ दिसलं असेल, तर ती दोन कंपन्यांच्या सिस्टीममधली गफलत, आणि तिचे पैसे तुम्ही भरायचं कारण नाही. तक्रार दोन्ही कंपन्यांकडे एकाच मेलने करा. तीस दिवसांत पोच आणि साठ दिवसांत उत्तर द्यायचं बंधन तिकडच्या नियमात आहे. ते मिळालं नाही तर अमेरिकी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. भारतीय नागरिकालाही ती करता येते, पैसे लागत नाहीत.

दोन तिकिटं असतील तर नागपूर–मुंबई हा कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र देशांतर्गत प्रवास. तिथे १५ म्हणजे १५. पुढे तुम्ही न्यूअर्कला जाताय की नालासोपाऱ्याला, याच्याशी त्या कंपनीला देणंघेणं नाही. (याला एक अपवाद आहे. पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवल्यास काही कंपन्या जादा वजन सोडतात. प्रवासाच्या तारखेला त्या कंपनीच्या नियमांत अशी सवलत होती का ते तपासा. असेल आणि आईबाबांनी तिकीट दाखवूनही नाकारली असेल, तर दावा पुन्हा कंपनीवर येतो.) सवलत नसेल तर कंपनीला सोडा आणि एजंटला धरा. दोन वेगळी तिकिटं विकून कागदावर सरसकट ‘२ नग’ छापणं ही चुकीची माहिती झाली, आणि तीस हजारांचा खर्च तिच्यामुळेच झाला. एजंट ऑनलाइन असेल तर ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असं उत्तर येईलच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. मेल ‘कस्टमर केअर’ला न पाठवता त्या अधिकाऱ्याच्या नावे पाठवा.

आता कागद. बोर्डिंग पासचे तुकडे, बॅगेचे टॅग, एजंटचा मूळ कागद आणि जादा सामानाची पावती हवी. पावतीवर किती किलो, कोणता दर आणि ईएमडी क्रमांक (जादा सेवेच्या इलेक्ट्रॉनिक पावतीचा क्रमांक) असायला हवा. नुसती कार्ड स्वाइपची चिठ्ठी असेल तर कंपनीकडून करबिल मागवून घ्या, ते द्यावंच लागतं. हे आजच करा. महिन्या-दोन महिन्यांनी मागितलं की ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’ सुरू होतं.

कंपनीने दाद दिली नाही तर एअरसेवावर (नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं तक्रारीचं संकेतस्थळ) तक्रार टाका. ती पुन्हा त्याच कंपनीकडे जाते, पण तिथे मंत्रालयाचं लक्ष असतं म्हणून उत्तर जरा माणसासारखं येतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ एजंटच्या बाबतीत जास्त कामाची. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते. तिकिटामागे ‘वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात’ असं बारीक अक्षरात छापलेलं असलं तरी घाबरू नका. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल होते. आईबाबा परदेशात असतील तर तुमच्या नावे अधिकारपत्र घ्या. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो, तुम्ही मात्र वर्ष धरून चाला. आणि मागणी नेमकी ठेवा: भरलेली रक्कम, व्याज, तक्रारीचा खर्च. मानसिक त्रासाचे पाच लाख लिहिलेत की मूळ तीस हजारांचं वजनही कमी होतं.

काउंटरचं वजन बरोबर असतं का, असं कोणी वर विचारलंय, त्याबद्दल. काउंटरचा काटा हा व्यापारी काटाच आहे, वैधमापनशास्त्र विभागाकडून त्याची दरवर्षी पडताळणी व्हावी लागते. बॅग ठेवण्याआधी पडद्यावर शून्य आहे का बघा. बॅग बाजूच्या पत्र्याला टेकलेली किंवा मागच्या माणसाच्या ट्रॉलीला लागलेली नको. शंका आली तर शेजारच्या काउंटरवर पुन्हा वजन मागा. हे कोणी नाकारत नाही, आणि आकड्यांत फरक दिसला तर फोटो घ्या. घरचा हाताने धरायचा काटा पुरावा म्हणून चालत नाही. आणखी एक: नगाच्या हिशेबात २५ आणि २० मिळून ४५ होतात म्हणून चालत नाही, २५ ची बॅग ओव्हरवेटच धरतात. ३२ च्या वरचा नग तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, लोडर लोकांच्या पाठीसाठीचा तो नियम आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे.

काउंटरसमोर बॅग उघडून सामान केबिनच्या पिशवीत कोंबताना तूप आणि लोणच्याचा डबा वर येऊ देऊ नका, सुरक्षातपासणीत जाईल. उलट पॉवर बँक मोठ्या बॅगेत राहता कामा नये. आणि आवाज चढवू नका. २६ जुलै २०२५ ला श्रीनगर विमानतळावर केबिन सामानाच्या पैशांवरून मारहाण झाली, गुन्हा दाखल झाला. काउंटरवरचा कर्मचारी दर कमी करू शकत नाही. ड्यूटी मॅनेजरला बोलवा, पैसे भरताना ‘मान्य नसताना भरले’ असं लिहून पावतीचा फोटो काढा आणि विमान पकडा.

आईबाबांच्या परतीचं मात्र आजच बघा. तिकिटं दोन असतील तर मुंबईला उतरून कस्टम्समधून बाहेर आल्यावर हाच १५ किलोचा तमाशा पुन्हा होईल, तोही रात्रभराच्या प्रवासानंतर. देशांतर्गत कंपनीच्या ॲपवर जादा किलो आधी घेतले तर काउंटरपेक्षा बरेच स्वस्त पडतात. सुटायच्या काही तास आधी ती खिडकी बंद होते.

तिकीट क्रमांक इथे सगळ्यांसमोर टाकू नका. दोन्ही टप्प्यांचा क्रमांक एकच आहे का, आणि पहिले तीन आकडे कोणते, एवढंच कळवा. मग मसुदा कंपनीच्या नावे करायचा की एजंटच्या, ते सांगतो.