आधी ब्रेक ऑइल बदल, मोठ्या डिस्क नंतर बघू

भाऊ, ट्रॅकवर चालवायची म्हणून स्विफ्टला मोठ्या ब्रेक डिस्क टाकायचं म्हणतोयस ते सध्या राहू दे, त्या १४ इंची व्हीलमधे बसतीलच असं नाही, आणि एका लॅपचं ब्रेकिंग तुझे स्टॉक (कंपनीचे) ब्रेक झेलतात, खरी भानगड गरम झाल्यावर सुरू होते. मी संभाजीनगरहून कोइंबतूरच्या करी रेसिंग ट्रॅकवर गेलो तेव्हा ब्रेक ऑइल दोन वर्षं जुनं होतं, चौथ्या लॅपला पेडल स्पंजसारखं खाली गेलं, पाय फ्लोअरला टेकला, पंपिंग करून कशीबशी गाडी थांबली, अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो. ऑइल हवेतलं पाणी ओढतं, नवं डॉट ४ ग्रेडचं ऑइल किमान २३० डिग्रीला उकळतं आणि पाणी धरलेलं १५५ च्या आसपास, मग लाइनमधे वाफ होते अन् वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. पेडल कडक पण गाडी थांबेना, तर मात्र ब्रेक पॅड तापून गेले समज. म्हणून आधी सीलबंद डब्यातलं ऑइल, नीट ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं), मग ट्रॅकचे पॅड. डॉट ५ चुकूनही टाकू नको, ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ शी जमत नाही.

नवे पॅड बसवले की मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मार, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं निवांत चालवून गार कर. समृद्धीवर हे अजिबात करू नको, मागचा १२० नं येत असतो.

ट्रॅकवरून आत आल्यावर ब्रेक तापलेले असतात, हँडब्रेक ओढू नको रे, गिअरमधे ठेव आणि चाकाला दगड लाव.