सगळे बोलले, लेक कुठंय?

"ताई, मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीला आहे. गुरुजी म्हणतात, पलूसच्या नवोदयला, म्हणजे सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवा. सासूबाई म्हणतात, एवढीशी पोर होस्टेलला टाकायची नाही. ह्यांना सांगलीची खाजगी इंग्रजी शाळा हवी, द्राक्षाच्या पैशातून फी भरू म्हणतात. ती रात्री अकरापर्यंत गणितं सोडवत बसते. तिला लांब पाठवायचं माझं धाडस होत नाही. काय करू?
एक आई, तासगाव तालुका"

ताई, तुमच्या पत्रात गुरुजी आहेत, सासूबाई आहेत, मालक आहेत. लेकीचं एकही वाक्य नाही. पण "जाशील का नवोदयला?" असं विचारू नका, ती तुमचं तोंड बघून उत्तर देईल. तिथं कपडे स्वतः धुवायचे, घरी यायचं ते सुट्टीतच, हे आधी सांगा. पलूस काही लांब नाही, एकदा नेऊन आणा. मग विचारा.

नवोदयचा फॉर्म मात्र भराच. त्याला पैसे लागत नाहीत, आणि सहावीसाठी ही परीक्षा एकदाच देता येते. पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, त्यामुळे गावची शाळा इथं आडवी येत नाही. दोन तासांत 80 प्रश्न, त्यातले निम्मे आकृत्यांचे, बुद्धिमत्तेचे. ते पाठ्यपुस्तकात नसतात, त्यांचा सराव गुरुजींकडून करून घ्या. पण अख्ख्या जिल्ह्यातून फार तर 80 मुलं घेतात. नंबर लागला नाही तर ती कमी पडली असं घरात कुणी म्हणायचं नाही, हे परीक्षेआधीच ठरवा. आणि तिला साडेनऊला झोपवा. दहा वर्षांच्या पोरीला अकरापर्यंतचं जागरण सोसत नाही.

मालकांची तळमळ मला कळते. पण बाग अवकाळीत सापडली तर सातवीची फी कुठून येणार? मधेच शाळा सुटली तर पोर जास्त खचेल. त्याआधी तासगावातलं एखादं अनुदानित हायस्कूल बघून या. गॅदरिंगच्या दिवशी नको, साध्या मंगळवारी जा. आठवीच्या मुलाची गणिताची वही मागा. नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत, की चुकलेलं गणित पुन्हा सोडवून घेतलंय? प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर धूळ आहे का? आठवीतून एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला किती मुलं बसली, किती लागली, तेही विचारा. ती शिष्यवृत्ती नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये देते, उत्पन्नाची अट बसली तर. विनाअनुदानित खाजगी शाळेतल्या मुलांना ती मिळत नाही, हे मालकांना जरूर सांगा. नवोदयच्या मुलांनाही नाही, पण तिथं राहणं, जेवण, पुस्तकं सरकारचीच.

एक गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगते, नंतर कळली तर धक्का बसेल. नवोदयात नववीला काही मुलांना वर्षभरासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयात पाठवतात. पलूसलाच जीव घाबरा होतोय, तर हे आधी पचवायला हवं.

तुमची भीती खोटी नाही. फक्त ती सासूबाईंच्या नावावर लेकीपर्यंत पोचू देऊ नका. तिला सरळ सांगा, "तुझ्याशिवाय मला करमणार नाही. तरी तुला जायचं असेल, तर तुझी पेटी मीच भरून देईन."