मियाटा ऐन महामार्गावर बंद पडते : पंप पुन्हा बदलण्याआधी दाब मोजा

तुमची अडचण मला समजली ती अशी. गाडी १९९१ ची माझ्दा मियाटा, इंजिन १.६ लिटरचे, वास्तव्य अमेरिकेतल्या फिनिक्सचे. सकाळी गाडी बिनतक्रार चालते. मात्र दुपारी ११० अंश फॅरनहाइटच्या उन्हात महामार्गावर २५-३० मिनिटे झाली की दोन-तीन आचके देऊन इंजिन बंद पडते आणि १०-१५ मिनिटे उभी ठेवली की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. गॅरेजच्या सल्ल्यावरून प्लग, प्लगच्या वायरी आणि टाकीतला पेट्रोल पंप एवढे बदलून झाले आहे, तरी दुखणे जागच्या जागी आहे. याच पिढीची १९९० ची गाडी मी बरीच वर्षे बाळगली आणि ती जवळपास अशाच पद्धतीने मला तीनदा रस्त्याच्या कडेला घेऊन गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आतापर्यंत जे झाले ते अंदाजाने सुटे भाग बदलणे होते. निदान अजून झालेलेच नाही. या बिघाडाची खोड अशी की गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ती बरी झालेली असते, आणि बऱ्या गाडीवर केलेली प्रत्येक चाचणी ‘सर्व ठीक’ असेच सांगते. खरा पुरावा इंजिन मरतानाच्या काही सेकंदांत आणि त्यानंतरच्या दोन-चार मिनिटांतच मिळतो. तेव्हा नवे काही विकत घेण्याआधी तो पुरावा हाती लागेल अशी तयारी करावी.

पहिला पुरावा फुकट आहे. पुढच्या वेळी इंजिन बंद पडले की लगेच क्लच दाबू नका. मागे वाहन नसेल तर दोन सेकंद गाडी गिअरमध्येच राहू द्या आणि टॅकोमीटरकडे, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे, पाहा. चाके इंजिनाला फिरवतच असतात. या गाडीत टॅकोमीटरला संकेत मिळतो तो इग्निशनच्या बाजूकडून. त्यामुळे इंजिन फिरत असूनही काटा एकदम शून्यावर आपटला, तर ठिणगीच गेली आहे आणि संशय इंजिनाच्या मागच्या टोकाला बसवलेल्या कॅम अँगल सेन्सरवर (ठिणगीची वेळ ठरवण्यासाठी इंजिनाची स्थिती सांगणारा), इग्नायटरवर (ठिणगीसाठी वीज तोडणारा-जोडणारा) किंवा इंजिनाच्या विजेच्या मुख्य स्विचवर, म्हणजे मेन रिलेवर, जातो. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरत राहिला, तर ठिणगी बहुधा शाबूत आहे आणि इंजिन पेट्रोलवाचून उपाशी मरत आहे. तुम्ही लिहिलेले ‘दोन-तीन आचके’ मला दुसऱ्या बाजूचे वाटतात, कारण वीज गेलेले इंजिन सहसा दिवा मालवावा तसे एका क्षणात जाते. पण आचक्यांच्या आठवणीपेक्षा काट्याची साक्ष जास्त विश्वासाची. एक खबरदारी मात्र घ्या : इंजिन थांबल्यावर ब्रेकच्या बूस्टरमधली निर्वात पोकळी दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरतीच उरते, म्हणून ब्रेक उगाच पंप न करता एकदाच दाबून कडेला यावे.

दुसरा पुरावा म्हणजे पेट्रोलचा दाब, आणि खरी मेहनत येथे आहे. या गाडीत दाब मोजण्यासाठी कारखान्यातून दिलेले तोंड नाही. बॉनेटखाली पक्क्या नळीकडून इंजेक्टरांच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांच्या) सामाईक नळीकडे, म्हणजे रेलकडे, जाणाऱ्या रबरी नळीत टी-जोड बसवून त्यावर गेज लावावा लागतो. आधी दाब उतरवून घ्या : इंजिन सुरू करून डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला असलेल्या सर्किट ओपनिंग रिलेचा (पंपाला वीज देणाऱ्या स्विचचा) कनेक्टर काढला की काही सेकंदांत इंजिन आपोआप बंद पडते, मग किल्ली बंद करून डिकीतल्या बॅटरीची ऋण तार सोडवावी. इंजिन गार असावे आणि अग्निशामक हाताशी असावा. गेजला लांब, पेट्रोलसाठी योग्य अशी नळी जोडून तो बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढा आणि काचेवर बाहेरच्या बाजूने, वायपरखाली चिकटपट्टीने पक्का बसवा. चालवताना वाचायला सोपे जाते म्हणून गेज आत घेण्याचा मोह अनेकांना होतो. पेट्रोलने भरलेली नळी केबिनमध्ये कधीही आणू नये.

निष्क्रिय गतीला, पेट्रोलचा दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी जोडलेली असताना, साधारण ३० ते ३८ पीएसआय दाब दिसावा. ती नळी काढल्यावर ३८ ते ४६. नळी काढाल तेव्हा तिचे टोक हुंगून पाहा. आत पेट्रोल ओले दिसले तर रेग्युलेटरचा पडदा फाटलेला आहे आणि पुढचे बरेच काम वाचले.

याच बरोबरीने पंपापाशी पोहोचणारे व्होल्टेज मोजावे. मियाटाची ही एक मोठी सोय आहे की टाकी आसनांच्या मागे आहे आणि मागच्या फळीवरचा गालिचा उचलून पत्र्याचे झाकण काढले की पंपाचा कनेक्टर हाताला लागतो. तेथून दोन पातळ वायरी पुढे आणून मल्टिमीटर शेजारच्या आसनावर ठेवा आणि वाचण्यासाठी कोणाला तरी सोबत घ्या. एक डोळा दाबावर आणि एक व्होल्टेजवर असला की हा बिघाड फार काळ लपून राहू शकत नाही.

आता तुमचा नेहमीचा रस्ता, नेहमीची दुपार. गाडी मरताना चार चित्रांपैकी एक दिसेल. दाब ३५ च्या आसपास तसाच राहिला आणि तरी इंजिन गेले, तर पंप, फिल्टर आणि रेग्युलेटर ही मंडळी निर्दोष आहेत. इंजेक्टरांना वीज व संकेत मिळतो का हे पाहण्यासाठी मेन रिले आणि कॅम अँगल सेन्सर यांच्याकडे वळावे. दाब पडला आणि व्होल्टेजही त्याच क्षणी शून्यावर किंवा ८-९ वर आले, तर दोष विजेच्या मार्गात आहे. व्होल्टेज १३ च्या वर टिकून दाब मात्र ३५, २५, १५ असा उतरत गेला, तर अडथळा पेट्रोलच्या वाटेत आहे. आणि दाब उलट चढलेला दिसला, तर उरलेले पेट्रोल टाकीकडे नेणारी परतीची नळी कोठेतरी चेपली आहे. पण तेव्हा काळा धूर दिसेल, आचके नव्हे.

विजेच्या मार्गाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण १.६ लिटरच्या गाड्यांत तो वेगळा आहे आणि १९९४ पासूनच्या १.८ लिटरच्या गाड्यांचा सल्ला त्याला लागू होत नाही. तुमच्या गाडीत एअर फिल्टरच्या पुढे झडपेचा एअरफ्लो मीटर आहे. हवा आत ओढली जाऊ लागली की त्यातली झडप उघडते, झडपेबरोबर एक छोटा स्विच जोडला जातो, आणि त्या स्विचमुळे सर्किट ओपनिंग रिले पंपाला वीज देतो. स्टार्टर मारताना मात्र हाच रिले दुसऱ्या वाटेने, थेट स्टार्टरच्या संकेतावर चालतो. रचना सुरक्षेसाठी केलेली आहे : अपघातात इंजिन थांबले की झडप मिटते आणि पंप आपोआप बंद होतो. पण यामुळेच या गाड्यांत एक नमुनेदार लक्षण दिसते : स्टार्टर फिरत असेपर्यंत इंजिन पेटते आणि किल्ली सोडताच मरते. बंद पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत तुमची गाडी असे करते का, ते आवर्जून पाहा. करत असेल तर स्विच, रिले किंवा मीटरच्या पुढच्या रबरी नळीला पडलेली चीर यांपैकी एक गुन्हेगार आहे. चिरेतून हवा आत शिरली की तेवढी हवा झडपेला टाळून जाते, झडप पुरेशी उघडत नाही आणि पंप रुसतो. इंजिनाच्या कंपनाने ही नळी घड्यांच्या तळाशी फाटते, जी जागा वरून दिसत नाही. काढून, वाकवून पाहावी लागते.

स्विचची परीक्षा सोपी आहे. बॉनेटखाली डाव्या बाजूला जो निदानाचा डबा आहे, त्यात एफ/पी (पंप) आणि जीएनडी (अर्थ) ही दोन तोंडे एका वायरीने जोडली की इग्निशन चालू असेपर्यंत पंप चालत राहतो. ही वायर जोडून तीच फेरी करा. गाडी मुळीच बंद पडली नाही, तर एअरफ्लो मीटरचा स्विच किंवा त्याची वायरिंग दोषी. तरीही बंद पडली आणि व्होल्टेज गेले, तर रिलेचे संपर्क किंवा त्यातला सोल्डर उष्णतेने सुटतो आहे, किंवा पंपाच्या अर्थिंगच्या जोडात गंज आहे. वायर कायमची ठेवण्याचा जुगाड काही जण करतात. तो करू नका. अपघातानंतर पंप थांबवणारी एकमेव व्यवस्था त्याने निकामी होते.

पेट्रोलच्या वाटेतला दोष निघाला तर सर्वात आधी, गाडी मरत असतानाच, कडेला थांबून टाकीचे झाकण उघडा. आत हवा खेचली गेल्याचा जोरदार आवाज आला आणि दाब लगेच सावरला, तर टाकीला श्वास घेता येत नाही, म्हणजे टाकीत हवा येण्याची वाट (व्हेंट) किंवा तिची झडप तुंबली आहे. गरम दिवसात बाहेरच्या दिशेने थोडा फुस्कारा येणे सामान्य आहे, त्याला पुरावा समजू नये. मग फिल्टर. तो उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली प्लास्टिकच्या आवरणामागे असतो आणि जागा अडचणीची असल्यामुळे अनेक गॅरेजे तो न बदलताच पुढे जातात. तुमच्या बदललेल्या गोष्टींत फिल्टर नाही, हे मला खटकले. जुना फिल्टर काढल्यावर येण्याच्या तोंडाकडून पेट्रोल पांढऱ्या भांड्यात ओता. त्यात तांबूस गंज किंवा काळी बारीक भुकटी दिसली तर टाकी आतून धुतल्याशिवाय नवा पंपही फार दिवस टिकणार नाही. पंपाच्या खालची जाळी तुंबलेली असली तर लक्षण तुमच्यासारखेच दिसते : सतत ओढीमुळे घाण जाळीला चिकटत जाते, इंजिन थांबल्यावर ती खाली बसते आणि गाडी पुन्हा थोडा वेळ धावते.

‘उन्हामुळे पेट्रोलची वाफ होते’ हे स्पष्टीकरण तुम्हाला कोणीतरी दिलेच असेल. आपल्याकडे प्रीमियर पद्मिनी घाटात तापली की तिच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओले फडके टाकायचे, ती आठवण आपल्या पिढीच्या डोक्यातून जात नाही. तेथे इंजिनाला खेटलेला यांत्रिक पंप अगदी कमी दाबाने पेट्रोल ओढत असे. येथे पंप टाकीत बुडालेला आहे आणि सगळी वाट दाबाखाली असून पेट्रोल सतत टाकीकडे परतत असते. तापलेली गाडी पुन्हा सुरू करताना क्षणभर वाफेचा त्रास होऊ शकतो. पण धावत्या, निरोगी मियाटाने वाफेमुळे मरावे हे मला पटत नाही. वाफ झालीच तर ती आधीच दाब कमी असल्यामुळे होईल.

शेवटचे माझ्या स्वतःच्या हातून घडलेले. मीही पंप बदलला होता आणि पंपाला टाकीतल्या नळकांड्याशी जोडणारा तो दीड-दोन इंचांचा रबरी तुकडा बदलताना कपाटात होती ती पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांची साधी रबरी नळी कापून लावली. ती बाहेरून हवेत राहण्यासाठी बनवलेली असते. आतून आणि बाहेरून दोन्हीकडून पेट्रोलात बुडून राहिल्यावर ती फुगली, मऊ पडली आणि क्लॅम्पपाशी चिरली. गार असताना चीर मिटलेली, तापली की उघडी. पंप जोमात, व्होल्टेज १३.४, आणि निम्मे पेट्रोल टाकीतल्या टाकीत परत. परतीची नळी पकडीने क्षणभर दाबल्यावर चांगल्या पंपाने दाब ६० पीएसआयच्या वर न्यायला हवा होता; माझा ३० च्या वर सरकेना, तेव्हा कोठे मी पंप पुन्हा बाहेर काढला. टाकीच्या आत बुडून राहण्यासाठी जे३०आर१० या मानकाची नळी मिळते, ती फूटभर घेतली तरी बरीच महाग पडते, म्हणून तेथे काटकसर होते. तुमचा पंप नुकताच बदललेला आहे, तेव्हा गॅरेजला फोन करून त्यांनी कोणती नळी वापरली ते विचारा, आणि उत्तर काहीही आले तरी झाकण उघडून नळीवरची छापील अक्षरे स्वतः वाचा.

चाचणीची फेरी झाली की तीन गोष्टी लिहा : टॅकोमीटरचा काटा कसा पडला, दाब किती होता आणि व्होल्टेज किती होते. टाकीत तेव्हा पेट्रोल किती होते तेही कळवा, कारण चिरलेली नळी किंवा तुंबलेली जाळी असेल तर टाकी पाव भागाखाली गेल्यावर त्रास वाढतो. तोपर्यंत दुपारी महामार्ग टाळा, आणि टाळता आला नाही तर अगदी उजव्या लेनमधून, कडेच्या पट्ट्याला धरून चालवा.