पारखी आणि तापीचा दगड

प्रश्न असा आला आहे: ‘नाटक, सिनेमा, गाणं यांतलं काही आवडलं नाही असं म्हटलं की "आधी स्वतः करून दाखवा, मग टीका करा" असं ऐकवलं जातं. टीका करणाऱ्याला त्या कामात प्रावीण्य हवंच का? आणि टीकाकार, समीक्षक, परीक्षक हे शब्द एकाच अर्थाचे धरायचे का?’

आधी टीका. बातम्यांत हल्ली रोज कुणीतरी कुणावर टीकास्त्र सोडतो, नाहीतर टीकेची झोड उठवतो. टीका म्हणजे झोडपणं, एवढाच अर्थ शिल्लक ठेवायचा असं जणू ठरून गेलंय. तो अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर शाई खर्च करत नाही. पण ज्ञानेश्वरीच्या शेवटची ओवी काय सांगते ते पाहा:

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. इथे टीका म्हणजे मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखवणं. कालिदासाच्या काव्यांचा टीकाकार मल्लिनाथ तर सुरुवातीलाच शब्द देतो: ‘नामूलं लिख्यते किञ्चिन्नानपेक्षितमुच्यते.’ मुळात आधार नसलेलं काही लिहिणार नाही आणि गरज नसलेलं काही बोलणार नाही. या अर्थाच्या टीकाकाराला त्या विषयाचं ज्ञान हवं का, हा प्रश्नच उद्भवत नाही. ज्याला रघुवंश कळत नाही तो रघुवंशावर टीका लिहिणार कशी? (जुने पंडित टीका हा शब्द ‘टीक्’ म्हणजे जाणे या धातूपासून साधतात, जिच्यामुळे अर्थापर्यंत जाता येतं ती टीका. मला तो धातू शब्दावरून मागाहून बेतलेला वाटतो, पण ते असो.)

तुमचा खरा प्रश्न दुसऱ्या शब्दांत दडला आहे. समीक्षा म्हणजे सम् + ईक्षा, परीक्षा म्हणजे परि + ईक्षा. ईक्ष् म्हणजे पाहणं. एकात नीट पाहणं, दुसऱ्यात चहूबाजूंनी पाहणं. म्हणून दोन्हीकडे दीर्घ ‘री’ आणि ‘मी’. ‘परिक्षा’ आणि ‘समिक्षा’ लिहिणाऱ्यांनी या शब्दांतले डोळेच मिटून टाकले आहेत. करणं, घडवणं, रचणं यांचा अंशही या शब्दांत नाही. जो पाहतो तो समीक्षक. करून दाखवण्याची अट शब्दाने घातलेली नाही, ती चिडलेल्या निर्मात्यांनी घातली आहे.

आता माझ्या आवडीच्या शब्दाकडे येतो. परीक्षेतला ‘क्ष’ प्राकृतात ‘क्ख’ झाला आणि मराठीत ‘ख’ होऊन बसला, जसा लक्षचा लाख, रक्षाची राख, पक्षाचा पाख. परीक्षेची झाली पारख. पारख करणारा तो पारखी. इतका सुंदर शब्द घरात असताना आपण ‘क्रिटिक’ म्हणतो! ‘मायेला पारखा झालेला’ यातला पारखा मात्र या घरातला नाही. पारख करता करता माणूस तुटतो म्हणून पारखा, अशी कीर्तनी व्युत्पत्ती मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकली आहे. ती सोडून द्यावी. तो पारखा माझ्या मते ‘परका’चा भाऊबंद, संस्कृतातल्या ‘पारक्य’ म्हणजे दुसऱ्याचा या शब्दाच्या कुळातला.

पारखीचा धंदा काय होता ते पाहिलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. जुन्या राज्यकारभारात पोतदार नावाचा अधिकारी असे. सरकारात भरणा होणारं नाणं खरं की खोटं, चांदी चोख की हिणकस, हे तो पाहून घेई. तो नाणं पाडत नसे, ते काम टांकसाळीचं. (पोतदार हा फारसी फोतादार, म्हणजे खजिन्याची थैली सांभाळणारा. कापडाचा ‘पोत’ पाहणारा म्हणून पोतदार हे सांगणं कानाला गोड लागतं, खरं नाही.) तीच गोष्ट सराफाची. सोनार घडवतो, सराफ पारखतो. सराफाला नथ घडवता येत नाही म्हणून त्याने सोन्याचा कस सांगू नये, असं आजवर कोणा सोनाराने म्हटलेलं नाही.

हा विचार आपल्या परंपरेत स्पष्ट शब्दांत मांडलेला आहे, आणि मांडणाऱ्याचं घराणं महाराष्ट्राशी जोडलेलं. संस्कृत नाटककार आणि काव्यशास्त्रकार राजशेखर आपल्या पणजोबांना, अकालजलदांना, ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणवतो. त्याच्या काव्यमीमांसा या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात नेमका हाच वाद आहे. कवी आणि भावक (म्हणजे काव्य पारखणारा) यांत भेद कसला, कवीही भावन करतो आणि भावकही कवीच, असं आचार्य म्हणतात. ‘न’ इति कालिदासः. नाही, कवित्व वेगळं आणि भावकत्व वेगळं. पाठोपाठ एक श्लोक येतो आणि त्याचा शेवट असा:

न ह्येकस्मिन्नतिशयवतां सन्निपातो गुणाना-
मेकः सूते कनकमुपलस्तत्परीक्षाक्षमोऽन्यः ॥

श्रेष्ठ गुण सगळे एकाच ठिकाणी येत नाहीत. एक दगड सोनं प्रसवतो आणि ते पारखायला समर्थ असतो तो दुसराच दगड, म्हणजे कसोटी.

आपल्याकडचे काही मोठे समीक्षक अजूनही ‘खरा समीक्षक हा मुळात सर्जकच’ हे वाक्य मोठ्या थाटात म्हणतात. त्यांनी राजशेखरातल्या आचार्यांचा पक्ष घेतला आहे आणि तो पक्ष त्याच पानावर खोडून काढलेला आहे. खाणीतल्या दगडाची थोरवी कसोटीला चिकटवून कसोटीचा मान वाढत नाही. तिला तिचा स्वतःचा मान आहे.

आणि कसोटी हा शब्द तर असा आहे! कष् म्हणजे घासणं. ज्यावर घासायचं तो कष. त्याची पट्टी ती कषपट्टिका, आणि ती झिजत झिजत कसोटी झाली. त्याच कषाला ‘नि’ लागला की निकष. ‘समीक्षेचे निकष’ हे शब्द प्रत्येक विद्यापीठीय चर्चासत्रात कानावर येतात, पण बोलणाऱ्यांपैकी किती जणांच्या डोळ्यांपुढे तो काळा गुळगुळीत दगड येतो? निकष म्हणजे मुद्द्यांची यादी नव्हे. निकष हा दगड आहे. त्यावर सोनं घासायचं, उमटलेली रेघ पाहायची आणि माहितीच्या सोन्याच्या रेघेशी ती ताडायची. ‘कस’ हा त्या रेघेतूनच आला. जमिनीचा कस, दुधाचा कस, कसदार लेखन हे सगळं सराफाच्या पेढीवरून मराठीत पसरलं, हे माझं ठाम मत आहे. जमिनीचा कस ‘कसणे’शी, म्हणजे ‘कसेल त्याची जमीन’मधल्या नांगरण्याशी जोडणारे लोक आहेत. मला ते मुळीच पटत नाही. दुधाचा कस कोणी नांगरून काढत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात या दगडाबद्दल जे लिहिलंय ते प्रत्येक समीक्षकाने पाठ करावं असं आहे. ‘कालिङ्गकस्तापीपाषाणो वा मुद्गवर्णो निकषः श्रेष्ठः.’ कलिंगातला किंवा तापीचा, मुगाच्या रंगाचा दगड सर्वांत चांगला. तापी, म्हणजे आपल्या खानदेशातून वाहणारी! पण खरी गंमत पुढे आहे. कौटिल्य दगडांचे प्रकार सांगतो. जो सोन्याचा रंग आहे तसा दाखवतो तो समरागी, तो विकणाऱ्याच्याही हिताचा आणि घेणाऱ्याच्याही. हत्तीच्या कातडीसारख्या छटेचा, हिरवट दगड रंग चढवून दाखवतो, तो विकणाऱ्याच्या हिताचा. कठीण, खरखरीत, कुठे असा कुठे तसा रंग असलेला दगड सोनं नीट उमटूच देत नाही, तो घेणाऱ्याच्या हिताचा.

कसोटीलाही पक्ष असतो, हे आपल्या लोकांना इतक्या पूर्वी कळलं होतं. आज सिनेमाच्या जाहिरातीत साडेचार तारे झळकवणारा लेखक हा हिरवट दगड आहे. मुंबईत काही चांगलं निर्माण होऊच शकत नाही, किंवा पुण्यात होऊच शकत नाही, असं आधी ठरवून नाट्यगृहात बसणारा हा खरखरीत दगड. दोघांनाही विषयाचं ज्ञान भरपूर असू शकतं, आणि पुष्कळदा असतंच. तेव्हा ‘प्रावीण्य आहे का’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘समरागी आहे का’ हा प्रश्न विचारा.

राजशेखराच्या यादीतले भावकही याच चालीचे आहेत. अरोचकी म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी म्हणजे गवतासकट सगळं गिळणारा, ज्याला सगळंच ‘अप्रतिम’ वाटतं. मत्सरी काय ते सांगायला नको. चौथा तत्त्वाभिनिवेशी, म्हणजे काव्याच्या मर्माला भिडणारा, तो हजारांत एखादा. सतृणाभ्यवहारी हा शब्द पुन्हा वापरात आणावा अशी माझी फार इच्छा आहे, सध्या त्याची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

यावरून ‘मग ज्ञान नकोच, रसिकता असली की झालं’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. ते हमखास ‘सहृदय’ हा शब्द पुढे करतात आणि त्याचा अर्थ हळव्या मनाचा असा करतात. काश्मीरचा काव्यशास्त्रकार अभिनवगुप्त याने सहृदयाची व्याख्या करताना पहिलीच अट ‘काव्यानुशीलनाभ्यास’ ही घातली आहे. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, ते सहृदय. अभ्यास नाही तर आरसा नाही. डोळ्यांत पाणी येणं हा अभ्यास नव्हे.

अभ्यास कशाचा, हे भरताच्या नाट्यशास्त्रात फार नेमकेपणाने सांगितलंय. प्रयोगाबद्दल वाद उपस्थित झाला तर निवाडा करायला दहा प्राश्निक सांगितले आहेत. यज्ञाचं दृश्य असेल तर यज्ञ जाणणारा, अभिनयासाठी नर्तक, वृत्तांसाठी छंद जाणणारा, भाषेसाठी वैयाकरण, राजाच्या वागण्यासाठी राजा, बाण मारण्याच्या पवित्र्यासाठी धनुर्विद्या जाणणारा, नेपथ्यासाठी चित्रकार, शृंगाराच्या रीतीसाठी वेश्या, स्वरांसाठी गायक आणि दरबारी रीतिरिवाजांसाठी राजसेवक. दहांत नट एकच! बाकीच्या नऊ जणांना अभिनय येण्याची अट नाही. त्यांना हवं आहे ते जे दाखवलं जातंय त्याचं ज्ञान. कोर्टातला प्रसंग खोटा वाटला असं एखादा वकील म्हणाला, तर त्याला ‘तू नाटक करून दाखव’ म्हणणारा भरताचा अपमान करतो. आणि त्याच वकिलाने नटीच्या उच्चारांवर निकाल द्यायला सुरुवात केली, तर भरत त्याला खाली बसवील.

संगीतात याचं सुरेख उदाहरण आहे ते वामनराव देशपांडे. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. मैफली गाजवणारे गवई म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही. पण मोगूबाई कुर्डीकरांसारख्या गुरूंकडे ते शिकले, मैफलींमागून मैफली ऐकल्या आणि १९६१ साली ‘घरंदाज गायकी’ लिहिलं. घराण्या-घराण्यांतला फरक स्वर आणि लय यांच्या नात्यावर मांडून दाखवणारं हे पुस्तक अजून वाचलं जातं. त्यांनी शिकण्यात घालवलेला काळ वाया गेला का? मुळीच नाही, त्यांचा कान तिथेच घडला. पण तो काळ त्यांना गवई करण्यासाठी नव्हता, पारखी करण्यासाठी होता. ‘आधी गाऊन दाखवा’ हे त्यांना म्हणायला कोणाची जीभ धजली असती?

आता तुमच्या प्रश्नाचा राहिलेला भाग. ग्रंथाचा अर्थ ओळीओळीने उलगडतो तो टीकाकार. हा अर्थ मरू देऊ नये, निदान ज्ञानेश्वरीपुरता तरी. कृतीकडे सर्व अंगांनी पाहून तिचं मूल्य सांगतो तो समीक्षक. गुण देतो, क्रमांक लावतो तो परीक्षक. पुस्तकाच्या ओळखवजा लेखाला ‘परीक्षण’ म्हणण्याची रूढी आहे ती चालू द्यावी, पण दोन परिच्छेदांच्या ओळखीला ‘समीक्षा’ म्हणणं थांबवावं. दोष तेवढे मोजणाऱ्याला आपल्याकडे दोषैकदृष्टी असा नेमका शब्द आहे, त्यासाठी टीकाकाराला बदनाम करायची जरुरी नाही. आणि टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांत जे ‘जज’ बसतात त्यांना प्राश्निक म्हणावं, अशी माझी सूचना आहे. कालिदासाच्या मालविकाग्निमित्र या नाटकात दोन नाट्याचार्यांचं भांडण मिटवायला पंडिता कौशिकीला प्राश्निक नेमायचं ठरतं, तेव्हा ती आधी मागे सरते: शहर असताना रत्नाची पारख खेड्यात कशाला? मग राजाच्या आग्रहाने ती बसते, आणि बसल्यावर पहिली मागणी करते ती प्रत्यक्ष प्रयोगाची, कारण ‘प्रयोगप्रधानं हि नाट्यशास्त्रम्’. तिने स्वतः नाचून दाखवावं असं त्या दरबारात कोणीही म्हणत नाही.