जालन्याच्या मुलाला पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) व्हायचंय, घरची परिस्थिती बेताची. चर्च मदत करतं का?

करतं, पण सुरुवात स्वतःच्या मंडळीपासून, म्हणजे स्थानिक चर्चपासून होते. पाळकसाहेबांचं शिफारसपत्र, पास्टोरेट कमिटीची (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची) संमती, मग डायोसिसची, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांताची मुलाखत. तिथे मार्कांपेक्षा संडेस्कूल, तरुण संघ, खेड्यातल्या प्रार्थनासभा यांतलं काम जास्त विचारतात, आणि ते योग्यच आहे. डायोसिसने पुरस्कृत केलं की फी, होस्टेल, मेसचा मोठा भार बहुधा हलका होतो. शिक्षणानंतर त्याच डायोसिसमध्ये सेवा करण्याची अपेक्षा असते. सेमिनरीकडेही, म्हणजे पाळकांना शिकवणाऱ्या संस्थेकडेही, गरजू विद्यार्थ्यांसाठी वेगळा अर्ज असतो, तोही भराच. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी (१९८३ पर्यंत यवतमाळला होती) आपल्याला जवळची. पुस्तकं, प्रवास यांसाठी मंडळीतल्या दोन-चार कुटुंबांशी मोकळेपणाने बोला. कापसाचे पैसे हातात आल्यावर लोक मनापासून देतात.